बाळ उठलं, की पहिल्यापासून

"अध्यक्ष महोदय!" सासरे म्हणाले आणि पाळण्यातलं बाळ दचकून उठलं.

सुनेने कपाळाला हात लावला. आत्ता कुठे त्याचा डोळा लागला होता.

"बाबा, संसदेत माइक असतो. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारायची नसते."

"अगं, हळूच तर बोललो."

"हे तुमचं हळू!" सासूबाई आतून म्हणाल्या. "जन्म गेला शेतातली पाखरं हाकण्यात. मतं मागायला गेलात, तर लोक दारं लावून आतूनच 'देतो, देतो' म्हणाले. झालात खासदार!"

शेवटी सुनेने अट घातली. भाषणाचा सराव पाळण्याशेजारी करायचा. बाळ उठलं, की पहिल्यापासून. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत का पोचत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण ही संधी हुकली तर पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता. सासरे ओठांवर बोट ठेवून, चवड्यांवर उभे राहून बोलायला शिकले. ते अधिवेशनाला निघाले तोवर "अध्यक्ष महोदय" ऐकताच बाळ जांभई द्यायला लागलं होतं.

भाषणाच्या दिवशी सासू-सून टीव्हीसमोर बसल्या. बाळ सुनेच्या मांडीवर झोपलेलं. सासरे बोलायला उभे राहिले आणि नेमका सभागृहात गोंधळ उसळला. दोन्हीकडचे उठून एकमेकांवर तुटून पडले. सासऱ्यांचे ओठ हलत होते, शब्द एकही ऐकू येत नव्हता. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

सून टीव्हीकडे झुकली. चांगला खणखणीत गळा होता माणसाचा, आपणच त्याला बोळा घातला.

"बाबा, ओरडा!" ती टीव्हीला म्हणाली.

सासऱ्यांनी कागद खिशात कोंबला आणि दोन्ही तळवे तोंडाशी धरले.

"हुर्र्याऽऽऽ!"

माइक किंचाळला. अख्खं सभागृह मटकन खाली बसलं.

"अगोबाई," सासूबाई म्हणाल्या, "या आरोळीने पाखरं उडतात. ही बसली!"

बाळाने डोळे उघडले, ओठ काढला. तेवढ्यात पडद्यावरचे आजोबा, जणू पाळणा समोरच आहे अशा बेताने, हळूच म्हणाले, "अध्यक्ष महोदय..."

बाळाने जांभई दिली.

"निजलं का गं?" सासूबाईंनी वाकून विचारलं.

"बाळ निजलं," सून पडद्यावरची नजर न काढता कुजबुजली. "बाकीचे जागे आहेत."