लोटलेलं दार

त्या सकाळीही नलूनं आधी दार लोटलं, मग सिरिंज उकळली आणि माठाशी गार ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढली. दादांचा, तिच्या वडिलांचा, मधुमेह गिरगावच्या चाळीत कुणाला ठाऊक नव्हता. "रोग रक्तातून येतो म्हणतात. कळलं तर पोरीला स्थळ यायचं नाही," असं आईचं म्हणणं.

इंजेक्शन देऊन नलू म्हणाली, "दोन घास खाऊन जा, दादा. साखर फार उतरली तर भोवळ येईल."

"संयुक्त महाराष्ट्र माझ्या भातासाठी थांबणार आहे होय? आल्यावर जेवतो."

परळच्या सभेबाहेर दादांचा तोल गेला, बोलणं बरळल्यासारखं झालं. दारूबंदीचा काळ. ओळखीचेच लोक हसले, "काय मास्तर, आज कुठून टाकून आलात?" पोलिसांनी दारू उतरेल म्हणून कोठडीत निजवलं. मूठभर साखरेनं जो शुद्धीवर आला असता, तो माणूस पुन्हा उठलाच नाही.

वर्षाच्या आत लग्न व्हायला हवं, म्हणून दादरची मंडळी नलूला बघायला आली. मुलाच्या काकांनी चाचरत विचारलं, "मास्तरांबद्दल काहीबाही कानावर आलंय. ते... घ्यायचे का?"

आईनं क्षणभर नलूकडे पाहिलं. दारू काही रक्तातून पोरीत उतरत नाही.

"कधीमधी घ्यायचे," ती खालमानेनं म्हणाली.

नलूनं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला, उठून दार सताड उघडलं आणि गॅलरीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या वडिलांना मधुमेह होता. इंजेक्शन मी देत होते."