उंबऱ्यातला शब्द

बजाजनगरच्या घरी मुलाचं वर्षश्राद्ध झालं आणि इटलीहून आलेली सून परत निघाली. पंधरा दिवसांत मनकर्णाबाई तिच्याकडून इटालियन शब्द शिकल्या होत्या. चमच्याला 'कुक्क्यायो' म्हणताना जीभ अडखळायची, मग दोघी पोट धरून हसायच्या. आता दाराशी रिक्षा उभी होती. सुनेनं पर्समधून नवऱ्यानं जपलेली या घराची किल्ली काढली, देवाच्या फळीवर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. "वादो, आई." म्हणजे जाते. हा शब्द मनकर्णाबाईंना येत होता. "उंबऱ्यात असं म्हणायचं नाय, पोरी. परत येते, याला तुमच्यात काय म्हणतात?" "तोर्नो." "तोर्नो, तोर्नो," त्यांनी शब्द तोंडात घोळवला. "लेक 'येतो' म्हणून गेला, आला नाय. तू तरी ये." रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. सुनेनं डोळे पुसले. "तोर्नो, आई," ती म्हणाली आणि किल्ली उचलून पर्समध्ये टाकली.