कुंडीवरचा गंज

दिलावर मिस्त्रीनं डांबराचा ड्रम कापून करून दिलेल्या कुंडीत मोगरा छान फुलला होता, पण यशोधराचं लक्ष मोगऱ्याकडे नव्हतंच. तिची रांगती लेक त्याच गंजक्या पत्र्याला धरून उभं राहायला शिकत होती, आणि धनुर्वाताच्या धास्तीनं यशोधराच्या जिवाला घोर लागला होता. घरचं सगळं आवरलं, की थकल्या हातांनी ती विटेचा तुकडा घेऊन कुंडी घासत बसायची.

"काहून घासून राह्यली वं?" सासूबाई, भागिरथाबाई, रोज म्हणायच्या. "वरून गंजाची साय धरली की आतलं लोखंड टिकते. राहू दे तिले तशीच."

"आणि पोरीला लागलं तर, आत्याबाई?"

घासून घासून पत्रा पातळ झाला आणि काठाला धार आली. एके सकाळी पोरीनं नेहमीसारखा तो काठ धरला, आणि बोट कापलं.

यशोधरानं तिला उचलून मोरीत नेलं आणि साबण लावून बोट चोळायला लागली. पोर किंचाळत होती, तरी ती चोळतच राहिली. भागिरथाबाईंनी येऊन तिचं मनगट धरलं.

"चाल माय, दवाखान्यात जाऊ. आता हिले तरी नको घासू."