विभूती लावलेली ट्यूब
पंचगंगेच्या पुरात बुडणाऱ्या नागाप्पाला आपण ट्रकची ट्यूब घेऊन उडी मारून वाचवलं, ही गोष्ट कृष्णातनं तालमीच्या कट्ट्यावर पंधरा वर्षं रंगवली. दरसाल पाणी हातभर वाढायचं. यंदा तर त्यात मगरही शिरली. शेजारी बसलेला नागाप्पा नुसता "व्हय की" म्हणायचा. नागाप्पा गेल्याचं कळलं, तसा कृष्णात त्याच्या घरी धावला. भिंतीवर तीच ट्यूब टांगलेली, तिला विभूतीची तीन बोटं ओढलेली. वहिनींनी त्याचे पायच धरले. "भावजी, तुमच्यामुळं पंधरा वर्षं कुंकू टिकलं. जाताना बी म्हणाले, कृष्णातचे उपकार विसरू नको." म्हणजे गड्यानं घरातसुद्धा खरं सांगितलं नव्हतं! कृष्णातची मान वर होईना. "वैनी, बुडत हुतो मी. उडी नागाप्पानं मारल्याली." जमलेली माणसं रडता रडता हसली. वहिनीही डोळे पुसत म्हणाल्या, "आज तरी थापा नकोत, भावजी."