बँकेची भिंत

हातोडी घेऊन कारखानीस सकाळपासून हॉलमध्ये येरझारा घालत होते. गृहकर्ज फिटेपर्यंत भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा त्यांचाच दंडक; भिंत बँकेची ना! बोनस आला, तो कर्जात भरला. मेहुण्याने उसने पैसे परत केले, तेही कर्जात. आणि हार घातलेला आईचा फोटो बारा वर्षं फ्रिजला टेकून जमिनीवरच.

काल वीस वर्षांचं कर्ज मुदतीआधीच संपलं, बँकेचं तसं पत्रही आलं.

"अहो, ठोका की आता," फोटो पुसत शैलजाबाई म्हणाल्या. "सासूबाईंनी अजून किती वर्षं माझा झाडू चुकवायचा?"

कारखानीसांनी खिळा भिंतीला टेकवला. हातोडी उचलली. खाली आणली. पुन्हा उचलली.

"नको गं, भोक पडेल. आता भिंत आपली आहे!"

शैलजाबाईंनी हातोडी काढून घेतली, दोन घावांत खिळा बसवला आणि फोटो लावला. मग शेजारीच दुसरा खिळा ठोकला.

"हा कशाला?" कारखानीस कळवळले.

"मुदतीआधी उरकलेलं बरं, असं तुम्हीच म्हणता ना?" शैलजाबाई शांतपणे म्हणाल्या. "हा तुमच्या फोटोसाठी."