परसातले भांडखोर नर

जोतीराम फौजेतून सुभेदार होऊन कडेगावला परतला आणि परसात दहा पांढरे लावे पाळून बसला. विकणाऱ्याने जाताना बजावलं होतं, "नर लय झालं की टोचून टोचून एकमेकांची डोकी फोडत्यात. एक ठेवा, बाकीचं रश्शात घाला."

रंगावरून नर-मादी कळायला मार्ग नव्हता, पण जोतीरामला कसली फिकीर?

"टोचतंय ते नर, आनि पिसं उपटून घिऊन कोपऱ्यात गप बसतीया ती मादी," त्याने बायकोला, मनुबाईला, ठणकावून सांगितलं. "अठ्ठावीस वर्सं फौजेत मान्सं वळखलीत म्या!"

मग दर रविवारी पिंजऱ्यातला सगळ्यात भांडखोर पक्षी पातेल्यात जाऊ लागला. पाच रविवार घरात झणझणीत रस्सा झाला आणि पिंजऱ्यात कशी शांतता नांदू लागली. अंडी मात्र कमी कमी होत पार बंद झाली. जोतीरामने आधी खाद्याला बोल लावला, मग शेजाऱ्याच्या नजरेला.

पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी उरलेल्या पाचही गरीब माद्यांनी छाती फुगवली, माना ताणल्या आणि कोंबड्यासारखी जोरात बांग ठोकली.

जोतीराम पिंजऱ्यापुढं सावधानमध्ये उभाच राहिला. मनुबाई हातातली भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली,



"आवं, मार खाऊन गप बसती ती बाई, असं तुमाला सांगितलं कुनी? तीस वर्सं संसार कुनासंगं केलासा?"