बेलची प्लेट

"ताई, काडी फिरवायला विसरलात की काय?" साहेबांनी प्लेट उजेडाकडे धरली.

प्रयोगशाळेत हशा पिकला. ताई आणि विसरणार? सत्तावीस वर्षांत तिच्या हातचा एक नमुना वाया गेला नव्हता.

जंतू वाढवायचं नवं कपाट आलं, की पहिली चाचणी आपापल्या घरच्या नमुन्यांची, असा तिथला रिवाज. आठवडाभर काही पुसायचं नाही. मग ओल्या कापसाची काडी पावाच्या डब्यात, भांड्यांच्या स्पंजवर, दाराच्या बेलवर फिरवायची आणि प्लेटमधल्या जेलीवर ओढायची. दोन दिवसांत कुणाच्या घरी काय काय नांदतंय ते उघडं पडायचं.

साहेबांच्या पावाच्या डब्यातली हिरवी बुरशी अशी फोफावली होती, की कारकून म्हणाला, "साहेब, आता हिचंही नाव दारावरच्या पाटीवर घाला." कारकुनाच्या स्वतःच्या बेलवर पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नुसती जत्रा होती. दूधवाला, शेजारीपाजारी, शिवाय त्याची तीन पोरं.

ताईचा स्पंज झकास वाढला होता. बेलच्या प्लेटवर मात्र कडेला बुरशीचा एकच ठिपका होता, तोही हवेतून पडलेला.

काडी तिनं चांगली तीनदा फिरवली होती. प्लेट बघताच ती काय ते समजली. दर सोमवारी डबा खाताना ती याच लोकांना रविवारच्या गमती सांगायची. मुलगा-सून येतात, नातवंडं बेलवरचं बोट काढतच नाहीत, कान किटतात बाई! मुलाला परदेशी जाऊन सहा वर्षं झाली होती. फोनसुद्धा आता वाढदिवसालाच यायचा. रविवारी घर तिला खायला उठायचं.

"एवढी नातवंडं बेल बडवतात आणि प्लेट कोरी?" कारकून म्हणाला. "नमुनाच चुकलाय."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नमुना अगदी बरोबर आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. हातचं कसब, तेवढं एकच तिच्यापाशी उरलं होतं.

"हो, चुकलंच माझं," ती म्हणाली. "वय झालं हो आता."

आणि रजिस्टरात तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'नमुना सदोष, पुन्हा घेणे.'

संध्याकाळी ती आपल्याच बंद दारापुढे उभी राहिली. पर्समध्ये नवी काडी होती. नमुन्यात जन्मात कधी केली नाही ती लबाडी करायची होती. तिनं बेलवर अंगठा दाबला. हा मुलगा. मग मधलं बोट. ही सून. करंगळी तिनं बराच वेळ दाबून धरली, कारण धाकटी नात भारी हट्टी. आत रिकाम्या घरात बेल घणघणत राहिली.

"आले, आले! किती गं घाई तुला!" दाराबाहेरूनच ताई म्हणाली.